पिवळ्या पिनेवर दिसलेले म्हाळूआप्पा

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. 'नव्हता' असं म्हणत नाहीये... नाही. आजही नाही. इथं ह्या ग्रुपवर लोक भुताखेतांचे अनुभव टाकतात ते मी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की वाचते आणि निम्म्यांच्या खाली मनातल्या मनात 'अर्थिंग तपासून घ्या' असं लिहून पुढं जाते. रेडिओ आपोआप सुरू झाला? सोल्डर सुटलं असेल. बंद खोलीत पंखा फिरला? रेग्युलेटर गेला. माझ्या नवऱ्याच्या मते मी देवळातसुद्धा आधी वायरिंग बघते आणि मग देवाला हात जोडते. खोटं नाही ते.

शिक्रापूरला हायवेवरच्या चौकातून आत वळलं की माझं दुकान आहे. टीव्ही रिपेअरिंग, डिश बसवणं आणि जुन्या कॅसेटी सीडीवर करून देणं. पाबळला वर्षभराचा कोर्स केला तेव्हा सोल्डरिंग शिकणारी मी एकटीच मुलगी नव्हते, पण नंतर दुकान टाकणारी एकटीच निघाले. सुरुवातीला लोक यायचे आणि विचारायचे, "मिस्त्री कुठं हायेत?" मी म्हणायचे, "समोर उभी आहे ती."

ही गोष्ट दोन हजार नऊच्या उन्हाळ्यातली. त्या वेळी ते मीडिया प्लेअरचे डबे नवीन आले होते. तळहाताएवढा डबा, त्याला पेन ड्राइव्ह लावा नाहीतर लॅनच्या वायरनं कॉम्प्युटर जोडा, आणि कॉम्प्युटरवरचं सगळं टीव्हीवर बघा. मागं दोन प्रकारची कनेक्शनं. एक एचडीएमआय, म्हणजे डिजिटल. दुसरं जुनं, पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांचं, म्हणजे ॲनालॉग. चित्र पिवळ्यातून जातं. गिऱ्हाईक विचारायचं, "ताई, दोन्हीत फरक काय?" माझं उत्तर ठरलेलं होतं. पिवळी पिन म्हणजे उघड्या बादलीतून पाणी नेणं. वाटेत थोडं सांडतं, थोडा कचरा पडतो. एचडीएमआय म्हणजे सीलबंद बाटली, भरलं तेवढंच आणि तसंच पोचतं. लोकांना पटायचं. मलाही पटलेलं होतं.

तर एप्रिलमध्ये संतोष आला. इथल्या एका कंपनीत कामाला, शिक्रापुरातच खोली घेऊन राहायचा, मूळ गाव दौंड तालुक्यातलं खुटबाव. धनगर घरातला, वडिलांपर्यंत मेंढरं होती, आता ऊस आणि दोन म्हशी. पिशवीतून त्यानं एक व्हिडिओ कॅसेट काढली.

"ताई, ह्यात आमच्या अक्काचं लगीन हाय. त्यातनं एका माणसाचा फोटू काढून द्यायचा. मोठा. हार घालाय."

"कोण वारलं?"

तो जरा घुटमळला. "तेच तर घरात ठरना झालंय."

मग त्यानं सांगितलं ते असं. त्याचे चुलते म्हाळूआप्पा. अक्काचं लग्न शहाण्णवच्या उन्हाळ्यात झालं. त्या वर्षी दिवाळीनंतर नेहमीप्रमाणे मेंढरं घेऊन सगळे कोकणात उतरायला निघाले. घाटात एका दुपारी धुकं पडलं. संध्याकाळी मेंढरं तळावर आली, कुत्रं आलं, म्हाळूआप्पा आले नाहीत. खूप शोधलं. पोलिसात दिलं. काहीच हाती लागलं नाही, काठीसुद्धा नाही. आता बारा वर्षं उलटून गेली होती. इतकी वर्षं माणसाचा मागमूस नसला तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, मग दहावं-तेरावं होतं. संतोषच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, येत्या अमावास्येला ते उरकायचं ठरवलं होतं. आबा थकले होते. धाकट्या भावाचं आपल्या हातून झालं पाहिजे, एवढाच त्यांचा ध्यास.

"आन् चुलती न्हाई म्हणती," संतोष म्हणाला. "नानी. ती अजून कुंकू लावती. म्हणती, तुम्ही त्याला जाळा, मला इधवा करा, पर त्यो आला तर त्वांड कुनी दावायचं?"

म्हाळूआप्पांचा एकही फोटो घरात नव्हता. त्यांचं चित्र जगात एकाच ठिकाणी होतं, त्या कॅसेटमध्ये.

कॅसेटला बुरशी लागली होती. मी ती उघडून पुसली, हेड दोनदा साफ केलं आणि सगळी कॅसेट कॅप्चर कार्डवरून कॉम्प्युटरवर घेतली. संतोषनं सांगितलेल्या जागी आले. वऱ्हाड जेवायला बसलंय, कॅमेरा पंगतीवरून सरकत उजवीकडं येतो आणि सहा-सात सेकंद थांबतो. तिथं फ्रेमच्या अगदी उजव्या कडेला म्हाळूआप्पा उभे. तांबडं पागोटं, रुंद चेहरा, आपल्या बघण्याच्या डावीकडच्या, म्हणजे त्यांच्या उजव्या खांद्यावर काळी घोंगडी. त्यांचा डावा खांदा, डावा हात फ्रेमच्या बाहेर कापलेला. कॅमेऱ्याकडं रोखून बघतायत. हलत नाहीत. त्या पिढीतले लोक व्हिडिओलाही फोटोसारखेच उभे राहायचे.

फोटोसाठी एक चांगली फ्रेम हवी म्हणून मी ते सहा-सात सेकंद तीस-चाळीस वेळा बघितले. एकेक फ्रेम पुढं-मागं करत. हे लक्षात ठेवा. माझ्याइतकं ते दृश्य त्यांच्या घरातल्या कुणीही बघितलेलं नाही. मी शपथेवर सांगते, त्यात तो माणूस पापणीशिवाय काही हलवत नाही.

फोटो प्रिंट करून दिला, फाइल संतोषच्या लॅपटॉपवर टाकली आणि माझ्या लेखी काम संपलं.

अमावास्येच्या दोन दिवस आधी संतोषचा फोन आला. आवाज पार उतरलेला.

"ताई, नानीनं काल सकाळपास्नं अन्नाला हात लावला न्हाई. फोटू बघून म्हणती, 'हा कागद हाय. मला चालता-बोलता दावा, मग काय ते बघू.' म्या नवा डबा घेतलाय मीडिया प्लेअरचा. तिच्या टीव्हीला लावला तर चित्र नुसतं फिरतंय, काळंपांढरं. तुम्ही येता का?"

काळंपांढरं आणि फिरतंय म्हणजे डब्याची सेटिंग अमेरिकन पद्धतीवर आहे, दोन मिनिटांचं काम. फोनवर सांगता आलं असतं. पण दोन दिवस न जेवलेली म्हातारी माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाचं शटर ओढलं, स्कूटी काढली आणि तळेगाव ढमढेरे ओलांडून, नदीचा पूल पार करून खुटबावला पोचले तेव्हा अडीच वाजले होते. ऊन असं की स्कूटीचं हँडल धरवत नव्हतं.

संतोषचं नवं स्लॅबचं घर, हॉलमध्ये मोठा एलसीडी, इन्व्हर्टर. मी डबा एचडीएमआयनं एलसीडीला लावला, सेटिंग बदलली, फाइल चालवून बघितली. पंगत, मग कडेला उभे म्हाळूआप्पा. अगदी दुकानात बघितले तसे.

"आता नानींना बोलवा इथंच," मी म्हणाले. "मोठ्या टीव्हीवर नीट दिसेल."

आबा खाटेवर बसले होते. ऐंशीच्या घरातले, काटक. त्यांनी मान हलवली. "ती ह्या घरात येत न्हाई. घर बांधून सहा वरसं झाली, उंबरा वलांडला न्हाई. ती तिकडं ऱ्हाती." त्यांनी बोटानं उसाच्या कडेची पत्र्याची खोपी दाखवली.

"रागावल्यात का?"

"राग न्हाई. वाडा हलला न्हाई तिचा."

मला काही समजलं नाही. मग आबांनी नीट सांगितलं. त्यांच्यात वाडा म्हणजे घर नव्हे. मेंढरं, घोडी, बायकापोरं असा सगळा फिरता तळ म्हणजे वाडा. बायका घोड्यांवर बिऱ्हाड लादून एका मुक्कामावर थांबायच्या, गडी मेंढरं घेऊन डोंगरानं जायचे. पुढं चारा आहे का, पाणी आहे का हे बघून गडी डोंगराच्या सोंडेवर उभा राहायचा आणि घोंगडीनं खूण करायचा. एवढ्या लांबून हाक पोचत नाही, पण काळी घोंगडी दिसते.

"डोक्यावर धरली तर थांबा," आबा म्हणाले. "तीनदा झटकून भुईवर टाकली का मग वाडा हलवायचा. पर खूण झाल्याबिगर वाडा हलत न्हाई, ही आमची रीत. त्या दिशी धुकं. म्हाळू सोंडंवर आला का न्हाई कुनाला ठावं. नानी पाच दिस तिथंच बसली. आमी बळंच उठवून आणली. तवापास्नं म्हणती, 'घोंगडी हलली न्हाई, माजा वाडा हलायचा न्हाई.'"

त्यांनी डोळे पुसले नाहीत, पण पुसायला हवे होते. मला त्या म्हातारीचा राग आला, खरं सांगते. बारा वर्षं! आणि रागाच्या खाली दुसरं काहीतरी होतं, ज्याकडं मी बघितलं नाही.

खोपीत गेले आणि चमकले. आत सगळं बिऱ्हाड बांधलेलं. भांडी गोणीत, वाकळा दोरीनं आवळलेल्या, कोपऱ्यात घोड्याचं खोगीर. वापरायला एक तवा, एक तांब्या, एक ताट एवढंच बाहेर. आत्ता कुणी हाक मारली तर दहा मिनिटांत निघता येईल असं. एका फळीवर जुना एकवीस इंची टीव्ही, तोही संतोषनं हट्टानं ठेवलेला. नानी भिंतीला टेकून बसलेल्या. सत्तरीच्या असतील. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला दिसत होता.

"बस, पोरी," त्या म्हणाल्या. "पानी घे." दोन दिवस स्वतः उपाशी, आणि मला पाणी.

जुन्या टीव्हीला एचडीएमआय असण्याचा प्रश्नच नव्हता. पिवळी पिन. फाइल मोठी होती, पेन ड्राइव्ह घेईना, म्हणून लॅपटॉपवरून लॅननं चालवायची होती. आणि लॅनची वायर आखूड! शेवटी संतोष लॅपटॉप मांडीवर घेऊन खोपीच्या दाराबाहेर, भिंतीपलीकडं बसला. आत मी आणि नानी. एक्स्टेन्शन बोर्डाला दोन ठिकाणी टेप लावली. पावणेचार झाले होते आणि चारला लाइट जायची. तेव्हा लोडशेडिंगचं वेळापत्रक गाडीच्या टायमापेक्षा पक्कं असायचं.

एक भीती मनात होती, ती सांगते. जुने ट्यूबवाले टीव्ही चित्राच्या कडा खातात. चारी बाजूंनी थोडं थोडं चित्र काचेच्या बाहेर जातं, दिसतच नाही. म्हाळूआप्पा अगदी उजव्या कडेला होते. म्हणजे ह्या टीव्हीवर त्यांचा बहुतेक नुसता खांदा दिसणार, किंवा तेवढंही नाही. म्हातारीनं दोन दिवस ज्यासाठी उपास धरला ते तिला दिसणारच नाही! मी तिला आधीच म्हणाले, "नानी, चित्र जुन्या टीव्हीवर थोडं कापलं जाईल हं. नाहीच दिसले तर मी दुसरं काहीतरी करते."

"लाव तर," त्या म्हणाल्या.

"संतोष, चालू कर!"

मांडव आला. रंग फिके, बारीक मुंग्या, पिवळ्या पिनेवर येतं तसंच. पंगत. वाढपी. कॅमेरा उजवीकडं सरकायला लागला आणि मी मनात मोजत होते, आता... आता थांबेल. थांबला.

म्हाळूआप्पा कडेला नव्हते. चित्राच्या आत होते. पुरते. दोन्ही खांदे, दोन्ही हात, पायातल्या वहाणा. त्यांच्या डाव्या बाजूला मांडवाचा एक बांबूचा खांब, त्याला आंब्याचा टाळा, म्हणजे पानांची डहाळी, बांधलेला. तो खांब मी तीस-चाळीस वेळा बघितलेल्या चित्रात कुठंच नव्हता.

माझ्या डोक्यात आधी काय आलं माहितीये? डब्यानं चित्र उजवीकडून ताणलं असेल. हे आलं. मी रिमोटकडं हात नेला. आणि त्यांनी खांद्यावरची घोंगडी काढली.

सावकाश काढली. दोन्ही हातांत धरली आणि झटकली. एकदा. सहा-सात सेकंद कधीच संपले होते, पंगतीतली माणसं जागच्या जागी होती, मुंग्या चालू होत्या आणि तो एकच माणूस हलत होता. दुसऱ्यांदा झटकली. सनईचा आवाज नव्हता, कसलाच आवाज नव्हता. बाहेर संतोष कुणाशी तरी फोनवर बोलत होता तेवढं ऐकू येत होतं. तिसऱ्यांदा झटकली. माझ्या शेजारी नानींच्या घशातून एक आवाज आला आणि त्यांनी पदर डोळ्यांवर दाबला, दोन्ही हातांनी.

मी बघत राहिले. त्यांनी घोंगडी घडी न घालता खाली टाकली, खांबापाशी. मग रिकाम्या खांद्यानं सरळ उभे राहिले आणि समोर बघितलं.

लाइट गेली.

टीव्हीच्या मधोमध एक ठिपका राहिला आणि विझला. मी घाबरले होते. साध्या शब्दांत तेच, मी भयंकर घाबरले होते.

"झटकली!" नानी ओरडल्या. "झटकली त्यानं! संतोष! आबाला बोलीव!"

संतोष धावत आत आला. त्याचं लक्ष फोनमध्ये होतं, आणि भिंतीपलीकडून टीव्ही दिसत नव्हताच. आबाही आले. नानी थरथरत उभ्या राहिल्या होत्या. संतोषला वाटलं, उपासानं चक्कर आली. "नानी, व्हिडिओत काका हालतच न्हाई. चल, नव्या टीव्हीवर दावतो, इन्व्हर्टर हाय."

डबा, लॅपटॉप, वायरी घेऊन आम्ही नव्या घरात गेलो. नानी अंगणापर्यंत आल्या आणि उंबऱ्याच्या बाहेर थांबल्या. दार सताड उघडलं. एचडीएमआय लावली. तोच डबा, तोच लॅपटॉप, तीच फाइल.

म्हाळूआप्पा कडेला उभे. घोंगडी खांद्यावर. डावा हात कापलेला. सहा-सात सेकंद, की कॅमेरा पुढं नवरीकडं.

संतोषनं परत लावलं. परत. चौथ्यांदा लावलं तेव्हा त्याचा आवाज मऊ झाला होता. "नानी... बघ की. हालतोय का? तुला भास झाला. तुझं डोळं बी कमी झाल्यात."

अंगणात उन्हात उभ्या त्या बाईचा चेहरा मला अजून दिसतो. बारा वर्षं ज्याची वाट बघितली ते आलं, आणि आता ते तिच्या हातातून काढून घेतलं जात होतं. ती एकदा टीव्हीकडं बघायची, एकदा खोपीकडं. मग तिनं माझ्याकडं बघितलं.

"तू मशीनवाली हायेस," ती म्हणाली. "तू माझ्याशेजारी व्हतीस. तू सांग. झटकली का न्हाई?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले होते की डिजिटल खरं, ॲनालॉगमध्ये कचरा मिसळतो. 'नाही' म्हणणं सोपं होतं, माझा सगळा धंदा त्या बाजूनं होता. पण नाही म्हणाले तर ही बाई त्या बांधलेल्या बिऱ्हाडाशेजारी मरेपर्यंत बसणार. आणि मुख्य म्हणजे मी बघितलं होतं हो! मला शाळेतसुद्धा खोटं बोलून निभावता आलं नाही.

"झटकली," मी म्हणाले. "तीनदा. आणि खाली टाकली."

मला वाटलं, झालं. आबांनी सांगितलेली खूण पुरी झाली, वाडा हलणार. चांगलं बोलले असं वाटून मी श्वास सोडला. पण नानी अजून माझ्याकडंच बघत होत्या.

"म्या तवा डोळं झाकलं. खाली टाकली ती कुठल्या हाताला?"

"डाव्या," मी लगेच म्हणाले.

"तुझ्या डाव्या का त्याच्या?"

"त्यांच्या. खांबापाशी. आंब्याचा टाळा बांधलाय ना, त्या खांबापाशी."

आबा हळूच पायरीवर बसले. एलसीडीवर म्हाळूआप्पा थांबवून ठेवलेले होते, आणि त्यांच्या डाव्या बाजूला चित्र संपत होतं. खांब नव्हताच. आबांनी ते बघितलं, मग मला विचारलं, "टाळा बांधल्याला खांब तुला कुठं दिसला, पोरी?"

"तिकडच्या टीव्हीवर."

"व्हता," आबा म्हणाले. "म्याच रोवला व्हता. मांडवाच्या भाईरच्या अंगाला त्यो एकच."

नानी उन्हातच खाली बसल्या. रडल्या नाहीत. जमिनीवर बोटानं रेघा ओढत राहिल्या. मग मला समजावून सांगितलं, अगदी शांतपणे, शाळेतल्या बाई सांगतात तसं. घोंगडी तीनदा झटकून उजव्या हाताला टाकली, तर त्याचा अर्थ: वाडा हलवा, मी मागून येतो. डाव्या हाताला टाकली, तर वाडा हलवा, माझी वाट बघू नका. डावी खूण सहसा कुणी करत नाही. त्यांनी आयुष्यात एकदाच बघितली होती, सासऱ्याच्या वेळी, साथीच्या वर्षी. आबांनी मला ती सांगितली नव्हती, कारण ती घरात कुणी तोंडानं बोलतच नाही.

मी त्या बाईला धीर द्यायला निघाले होते आणि माझ्याच तोंडानं तिला सांगून बसले होते की नवरा येणार नाही!

"नानी, मी... मला चुकून वाटलं असेल. उजवाच असेल कदाचित."

"न्हाई," त्या म्हणाल्या. "पैलं आलं त्ये खरं."

त्या उठल्या, खोपीत गेल्या. आम्ही कुणी मागं गेलो नाही. थोड्या वेळानं बाहेर आल्या त्या डोक्यावर वाकळांचं गाठोडं घेऊन. संतोष धरायला धावला तर त्याला हातानं बाजूला केलं. अंगण ओलांडून सरळ आल्या, नव्या घराच्या उंबऱ्यावरून आत पाय टाकला, आणि गाठोडं एलसीडीसमोर ठेवलं.

"हलला वाडा," म्हणाल्या. "सुनंला सांग, भाकरी टाक."

अमावास्येला नदीवर सगळं झालं. मी गेले नाही. संतोषनं सांगितलं की कुंकू त्यांनी कुणाला पुसू दिलं नाही, स्वतःच्या पदरानं पुसलं.

आता माझी बाजू. मी गप्प बसणारी नाही. लाइट आल्यावर त्याच संध्याकाळी, नानींना न सांगता, त्याच खोपीत, त्याच टीव्हीवर, त्याच पिवळ्या पिनेनं आम्ही फाइल परत लावली. म्हाळूआप्पांचा नुसता खांदा दिसला. बाकी टीव्हीनं खाल्लं होतं, मला आधी वाटलं होतं तसंच. नंतर दुकानात चार वेगवेगळे टीव्ही लावले. डबा बदलला. मूळ कॅसेट परत चालवली. काही नाही. एकदा वाटलं, आबांची गोष्ट ऐकून माझ्या मनानंच खेळ केला असेल. मन करतं असले खेळ, मी जाणून आहे. पण खांब? आणि डावा हात? जी खूण मला कुणी सांगितलीच नव्हती, ती माझं मन कुठून आणणार?

माझं ते बादलीचं उदाहरण आठवतं. बादलीतलं पाणी सांडतं, गढूळ होतं, सगळं कबूल. पण विहिरीतून निघालं त्यापेक्षा जास्त पाणी बादलीतून घरी पोचत नाही. त्या दिवशी पोचलं. गिऱ्हाइकांना हे उदाहरण देणं मी तेव्हापासून बंद केलंय.

दिवाळीत मी खुटबावला गेले होते. भिंतीवर तो फोटो, हार घातलेला, घोंगडी खांद्यावर, डावा हात कापलेला. नानींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, तब्येत बरी दिसत होती. मी चहा पिता पिता शेवटी बोलून टाकलं, जे सहा महिने माझ्या मनात सलत होतं. म्हणाले, "नानी, तेव्हा मला दोन्ही खुणांचा अर्थ माहीत असता तर मी उजवा हात म्हणाले असते. तुमच्याशी खोटं बोलले असते मी."

त्यांनी माझा कप घेतला, त्यात आणखी थोडा चहा ओतला.

"ठावं हाय मला," म्हणाल्या. "म्हणूनशान तुला आदी इचारलं, आन् अर्थ मागनं सांगितला."

अर्थ सांगण्याआधीच त्यांनी तो प्रश्न का विचारला होता ते मला त्या क्षणी कळलं. चित्रात काय झालं ते मात्र अजून कळलेलं नाही. कुणाला टीव्ही लाइनमधलं कळत असेल तर सांगा. फक्त 'अर्थिंग तपासा' म्हणू नका, ते मी तपासलंय.